दरवाजा, याद, बुरूज

एम. ए.च्या वर्गात मराठीवरील फार्शीच्या प्रभावाचा घटक शिकवताना आम्ही दरवर्षी फळ्यावर काही शब्द लिहितो : दरवाजा, शहर, मैदान, कमान, बुरूज, याद, आझाद. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांच्या १९२५ सालच्या फार्शी-मराठी कोशाचा संदर्भ लिहितात आणि परीक्षेत ते सारे जसेच्या तसे परत करतात. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे शब्द तिकडे अजून वापरतात का?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. आमच्या शिकवण्यात हे शब्द बखरींतून आणि मोडी कागदांतून येतात, त्यामुळे त्यांचे माहेर अजून नांदते आहे ह्याचा आम्हांलाच विसर पडला होता. त्या प्रश्नाच्या उत्तराच्या शोधात आम्ही तेहरानच्या एका वास्तूपाशी जाऊन पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून आणि छायाचित्रांतून. फळ्यावरचे ते सातही शब्द तिच्या इतिहासात सापडतात आणि त्यांतल्या काहींसाठी माणसांनी रक्त सांडले आहे.

तेहरानच्या पश्चिमेला, मेहराबाद विमानतळावरून शहरात शिरताना, एका प्रचंड चौकाच्या मधोमध पांढऱ्या संगमरवराने मढवलेली सुमारे ४५ मीटर उंचीची ही वास्तू उभी आहे. चार पाय जमिनीवर फाकलेले, मध्ये उंच कमान, आणि वर जाता जाता चारही पाय एकमेकांत मिसळून झालेला एक जाड मनोरा. आज तिला 'बुर्जे-आझादी' म्हणतात. चौकाचे नाव 'मैदाने-आझादी'. मुंबईच्या आझाद मैदानात मोर्चे घेऊन जाणाऱ्या मराठी माणसाला ह्या नावाचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही.

आता वास्तूकडे वळण्याआधी शहराकडे पाहू. तेहरान हे एके काळी खरोखरच दरवाजांचे शहर होते. काजार घराण्यातील नासिरुद्दीन शहाने १८७०च्या सुमारास शहराची जुनी तटबंदी काढून बाहेरच्या बाजूस नवी अष्टकोनी तटबंदी उभारली आणि तीत रंगीत चकाकत्या फरशांनी सजवलेले बारा दरवाजे ठेवले. पुढे १९२५ साली गादीवर आलेल्या रझा शहा पहलवीला आधुनिक, रुंद रस्त्यांचे शहर हवे होते. त्याच्या राजवटीत, १९३०च्या दशकात, तट गेला, खंदक बुजले आणि दरवाजेही पाडले गेले. नावे तेवढी उरली. तेहरानच्या भुयारी रेल्वेवर 'दरवाजे-दौलत' आणि 'दरवाजे-शेमिरान' ही स्थानके आहेत. तेथे उतरणाऱ्या प्रवाशाला दरवाजा कोठेच दिसत नाही. आपल्याकडे चर्चगेटला उतरणाऱ्यालाही तो दिसत नाही. मुंबईच्या कोटाचे अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट १८६०च्या दशकात तटासह पाडले गेले, आणि साठ वर्षांनी, १९२४ साली, गुजरातच्या सुलतानी वास्तुशैलीची आठवण देणारे गेटवे ऑफ इंडिया खुले झाले. तट पाडून टाकायचा आणि मग तटाविना दरवाजा बांधायचा, ही आधुनिक राज्यकर्त्यांची एक खास हौस दिसते. जुना दरवाजा रात्री बंद होत असे, त्याला पहारेकरी असत, तेथे जकात भरावी लागे. नव्या दरवाजाला दारेच नाहीत. तो काही अडवत नाही, फक्त काहीतरी सांगतो. आणि जी वस्तू केवळ सांगण्यासाठी बांधलेली असते तिच्या तोंडी आपले वाक्य घालण्याचा मोह प्रत्येक सत्तेला होतो.

रझा शहाने बारा दरवाजे पाडले आणि त्याचा मुलगा महंमद रझा शहा याने एक बांधला. इराणी साम्राज्याला अडीच हजार वर्षे झाल्याचा उत्सव करायचे त्याच्या दरबाराने ठरवले होते. त्यासाठी राजधानीच्या वेशीवर एक स्मारक हवे म्हणून १९६६ साली वास्तुकारांची स्पर्धा घेण्यात आली. ती जिंकली हुसैन अमानत ह्या तरुणाने. वय अवघे चोवीस, तेहरान विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला. प्रारंभी वास्तूचे नाव 'दरवाजे-कूरोश' म्हणजे सायरसचा दरवाजा असे ठेवण्याचा विचार होता. अखेरीस नाव ठरले ते 'शहयाद आर्यमेहर'. ह्या नावाचाही अर्थ मराठी वाचकाला अर्धाअधिक लागतोच. शहयाद म्हणजे शहाची याद. आर्यमेहर, म्हणजे आर्यांचा सूर्य, ही पदवी शहाला १९६५ साली इराणच्या संसदेने दिली होती. त्यातला 'मेहर' आपल्या 'मेहेरबान'मध्ये आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते वैदिक 'मित्र' ह्या शब्दाशी जोडतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ह्या नामकरणात 'दरवाजा' हा शब्द गळाला आणि त्याच्या जागी 'याद' आली. दरवाजा सर्वांचा असतो, ज्याला आत जायचे आहे त्याचा. याद कोणा एकाची असते. मराठीत तर 'याद राख' हे प्रेमाचे बोलणे नाहीच, ती धमकी आहे. आम्हांला वाटते, त्या नावातली ही धमकी तेहरानच्या रहिवाशांनाही ऐकू आली असावी. पण हा आमचा तर्क.

नावापेक्षा आकार अधिक बोलका आहे. स्मारकाची खालची मुख्य कमान इस्लामपूर्व सासानी काळाची आठवण देते. तिचा पूर्वज म्हणजे आजच्या इराकमधील 'ताके-किस्रा', टेसिफोनच्या राजवाड्याची विटांची, सुमारे २५ मीटर रुंदीची अजस्र कमान. साखळीची दोन टोके धरून ती सैल सोडली तर तिला जो बाक येतो तो उलटा केला, की साधारण त्या कमानीची रेघ मिळते. ह्या कमानीच्या वर, त्याच वास्तूत, दुसरी कमान आहे. ती नोकदार आहे, मशिदींच्या दर्शनी भागी दिसते तशी, इस्लामोत्तर इराणची. दोहोंच्या मधल्या जागेत दगडी शिरांचे एक जाळे खालून वर चढत जाते आणि एका कमानीची रेघ दुसरीत मुरवून टाकते. इराणी कारागीर घुमटाखालच्या अशा रचनेला 'रस्मी-बंदी' म्हणतात. शिरांच्या मधल्या पट्ट्यांत फिरोजी रंग आहे, इस्फहानच्या घुमटांवरचा. चौकातील बागेची आखणीसुद्धा इस्फहानच्या शेख लुत्फुल्ला मशिदीच्या घुमटाच्या आतल्या नक्षीवरून सुचलेली आहे. म्हणजे माणूस मशिदीत मान वर करून जी नक्षी पाहतो ती येथे पायांखाली, बागेच्या रूपाने पसरली आहे.

चौरस पायावर गोल घुमट कसा बसवायचा, हा इस्लामी वास्तुकलेपुढचा सर्वांत जुना आणि सर्वांत फलदायी प्रश्न. आमच्यापैकी ज्यांनी विद्यार्थ्यांना सहलीसाठी विजापूरला नेले आहे त्यांना तो गोलघुमटाखाली उभा राहिलेला आठवेल. तेथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौरसाचे कोपरे हळूहळू खाऊन टाकतात आणि वर पाहता पाहता वर्तुळ तयार होते. त्यात चौरस कोठे संपला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. अमानतने ह्या तंत्राचे बीज घेतले आणि त्याला वेगळा प्रश्न घातला. त्याला चौरसातून वर्तुळात जायचे नव्हते, एका युगातून दुसऱ्या युगात जायचे होते.

खालची कमान म्हणजे इस्लामपूर्व इराण, वरची म्हणजे इस्लामी इराण आणि मधल्या शिरा म्हणजे दोहोंचे नाते, हा अर्थ वास्तुकाराने स्वतःही सांगितला आहे आणि तो सर्वत्र उद्धृत होतो. आम्हां साहित्याच्या शिक्षकांना अशा समीकरणांची थोडी धास्ती असते. कवितेतल्या प्रत्येक पक्ष्याला 'स्वातंत्र्याचे प्रतीक' म्हणणाऱ्या उत्तरपत्रिका आम्ही वीस वर्षे तपासत आलो आहोत. परंतु ह्या वास्तूत समीकरणाच्या पलीकडचे काही आहे. शहाच्या राजवटीचा सारा भर इस्लामपूर्व वैभवावर होता. उत्सवाचे नाव अडीच हजार वर्षांचे, मुख्य समारंभ पर्सेपोलिसच्या अवशेषांत, आणि तेहरानच्या ह्या वास्तूच्या तळघरातील संग्रहालयासाठी ब्रिटिश म्युझियमकडून उसना आणलेला सायरसचा मातीचा लेख. अशा उत्सवासाठी बांधलेल्या वास्तूत एका चोवीस वर्षांच्या मुलाने वरची कमान नोकदार ठेवली आणि ती खालच्या कमानीतूनच उगवली असे दाखवले. राजवट ज्या दोन इराणांमध्ये भिंत घालत होती त्यांच्यामध्ये त्याने सांधा घडवला. आमच्या मते ह्या वास्तूचे खरे महत्त्व ह्या सांध्यात आहे.

बांधकाम अवघ्या दोन-अडीच वर्षांत पुरे झाले. रचनेची गणिते लंडनच्या ओव्ह अरुप यांच्या संस्थेने केली, दगड इराणी कारागिरांनी घडवला. १६ ऑक्टोबर १९७१ रोजी शहाच्या हस्ते उद्घाटन झाले. शहराच्या बाजूने चौकात येणाऱ्या रस्त्याचे नाव तेव्हा आयझेनहॉवर मार्ग होते. विमानतळावरून येणारा परदेशी पाहुणा शहाच्या यादेखालून जाई आणि अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या नावाच्या रस्त्याने शहरात शिरे.

सात वर्षांनी त्याच रस्त्याने उलट दिशेने लोक आले. १० आणि ११ डिसेंबर १९७८, मोहरमचा नववा आणि दहावा दिवस. शोकाच्या मिरवणुकांचे हे दिवस त्या वर्षी शहाविरुद्धच्या मोर्चांचे दिवस झाले. लक्षावधी माणसे तेहरानच्या रस्त्यांवरून चालत ह्या चौकात जमली. त्या दिवसांच्या छायाचित्रांत पांढरी कमान डोक्यांच्या काळ्या समुद्रातून वर आलेली दिसते. १६ जानेवारी १९७९ रोजी शहा मेहराबादवरून देश सोडून गेला आणि १ फेब्रुवारीला खोमेनी त्याच विमानतळावर उतरले. एक गेला, दुसरा आला, दरवाजा एकच.

त्यानंतर गावोगावचे शहाचे पुतळे कोसळले. १९८० साली तेहरानच्या दक्षिणेला रय येथे असलेली रझा शहाची भव्य कबर क्रांतीच्या न्यायालयाचा प्रमुख सादिक खलखाली याने पाडून टाकली. मुलाचे स्मारक मात्र वाचले. त्याचे नाव बदलून 'आझादी' झाले, आणि आयझेनहॉवर मार्गही आझादी मार्ग झाला. हे स्मारक का वाचले? आमचे उत्तर असे, की त्यावर शहाचे चित्र नव्हते. मुकुट नाही, घोडा नाही, चेहरा नाही, आहे ती फक्त एका कमानीतून निघालेली दुसरी कमान. नाव खरवडून काढले की खाली शहा उरतच नव्हता. शिवाय डिसेंबरच्या त्या दोन दिवसांत लोकांनी चौक आधीच आपलासा केला होता, नंतरच्या सरकारने केवळ पाटी बदलली. तिसरे कारण असे, की वरची नोकदार कमान नव्या राज्यकर्त्यांनाही आपली म्हणता येत होती. अमानतचा तो सांधा अशा रीतीने वास्तूच्या कामी आला.

वास्तुकाराच्या कामी मात्र तो आला नाही. हुसैन अमानत बहाई आहे. १८४४ साली शिराझच्या सय्यद अली महंमद नावाच्या तरुणाने 'बाब' ही पदवी घेतली, १८५० साली तब्रीझ येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्याने सुरू केलेल्या चळवळीतून पुढे बहाई धर्म उदयाला आला. 'बाब' ह्या अरबी शब्दाचा अर्थ दरवाजा. आपल्या 'ही बाब गंभीर आहे' मधली बाब तीच. अरबीत दरवाजाचा अर्थ 'ग्रंथाचे प्रकरण' असा वाढला आणि पुढे आपल्या महसुली कागदांत तो 'कलम' ह्या अर्थाने येऊन बसला. १९७९ साली शिराझमधले त्या बाबचे घर, बहाईंचे तीर्थस्थान, पाडण्यात आले. म्हणजे त्याच वर्षी इराणात बाबचे घर गेले आणि एका बहाईने बांधलेल्या दरवाजाला आझादी हे नाव मिळाले. क्रांतीच्या काळात अमानतने देश सोडला आणि तो कॅनडात स्थायिक झाला. इस्रायलमधील हैफा येथे बहाईंच्या सर्वोच्च संस्थेची इमारत पुढे त्याच्याच आराखड्यानुसार उभी राहिली. दिल्लीला सहलीवर गेलेले आमचे विद्यार्थी ज्या कमळाच्या मंदिरासमोर छायाचित्रे काढतात तेही अशाच एका इराणी बहाईचे, फरिबोर्झ सहबा याचे काम (१९८६), आणि तोही तेहरान विद्यापीठाचाच.

जे नाव लोकांनी दिले ते मोडायला सत्तेला जड जाते, हे पुढच्या काळात दिसले. दर वर्षी ११ फेब्रुवारीच्या सुमारास क्रांतीच्या विजयाचा सरकारी मेळावा ह्याच चौकात होऊ लागला. परंतु १५ जून २००९ रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल नाकारणारे लाखो लोक 'इन्किलाब' चौकाकडून 'आझादी' चौकाकडे शांतपणे चालत गेले. क्रांतीकडून स्वातंत्र्याकडे जाणारा तो रस्ता त्यांनी मुद्दाम निवडला होता की शहराच्या नकाशातच ते वाक्य लिहिलेले होते, हे सांगणे कठीण. संध्याकाळी चौकाजवळ गोळीबार झाला आणि माणसे मेली.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये महसा अमिनी ह्या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाल्यावर जी घोषणा इराणभर उठली तीही भाषांतराशिवाय समजते : 'जन, जिंदगी, आझादी'. 'जन' म्हणजे स्त्री, 'जनाना' आणि 'जनानखाना' ह्यांतला. त्याच काळात एका तरुण जोडप्याने ह्या बुरुजासमोर नाचतानाची आपली चित्रफीत प्रसारित केली. मुलीचे डोके उघडे होते. जानेवारी २०२३मध्ये त्या दोघांना प्रत्येकी दहा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाल्याचे मानवाधिकार संघटनांनी सांगितले. इराणात स्त्रियांना सार्वजनिक ठिकाणी नाचण्यास मनाई आहे, आणि जागेचे नाव आझादी असल्याने त्यात काही फरक पडला नाही.

'आझाद' ह्या शब्दाचा पूर्वेतिहासही येथे नोंदवण्याजोगा आहे. प्राचीन इराणी भाषेत त्याचा मूळ अर्थ 'कुळात जन्मलेला', म्हणून कुलीन, आणि कुलीन म्हणून कोणाचा दास नसलेला. संस्कृत 'जात' आणि हा शब्द एकाच धातूचे. ज्याला पूर्वी जन्माने मिळत असे ते पुढे रस्त्यावर उतरून मागण्याची वस्तू झाली, हा ह्या शब्दाचा अर्थविस्तार म्हणायचा की अर्थक्रांती, ह्यावर आमच्या विभागात अद्याप एकमत नाही.

आम्ही मराठी माणसे नामांतराच्या बाबतीत अननुभवी नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला तो फार्शी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. कितीतरी पर्याय त्या कोशातच राहिले, काही रुजले. रायगडाच्या मुख्य प्रवेशद्वाराला मात्र आपण आजही 'महादरवाजा' म्हणतो, संस्कृत विशेषण आणि फार्शी नाम एकाच चौकटीत. 'द्वार' आणि फार्शी 'दर' मुळात भावंडेच असल्याने ती जोडी कोणाला खटकली नसावी. आमच्या काळातही विद्यापीठांची आणि शहरांची नावे बदलली, त्यांसाठी लोकांनी मार खाल्ला, घरे जळाली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तारापर्यंतची सोळा-सतरा वर्षे ज्यांनी पाहिली त्यांना 'नावात काय आहे' असे म्हणणे कधी जमणार नाही. तेहरानच्या ह्या वास्तूने आम्हांला निराळीच बाजू दाखवली. तेथे नाव बदलूनही वाद मिटला नाही, उलट नव्या नावाने नव्या मागणीला तोंड दिले. शहयाद हे नाव पुसणे सोपे होते. आझादी हे नाव पुसायचे तर ते लोकांच्या तोंडून पुसावे लागेल.

आणि 'दरवाजा'? सायरसचा दरवाजा म्हणून सुचलेली वास्तू 'याद' म्हणून उघडली आणि 'बुरूज' म्हणून ओळखली जाते. दरवाजा, याद, बुरूज. बुरूज हा तटाचा, पहाऱ्याचा, मारा करण्याचा शब्द, आणि येथे तर तटही नाही. सुरुवातीला जो प्रश्न सांगितला तो विचारणाऱ्या विद्यार्थिनीला आम्ही हे सारे पुढच्या तासाला सांगितले, कमानीचे चित्रही दाखवले. तिने ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, पण त्याच्या खालून अजून जाता येतं ना?" जाता येते. पाहुण्यांच्या गाड्या आता भोवतालच्या वळशाने जातात, पण चालत गेलेल्या माणसाला मधल्या कमानीखाली उभे राहून वरच्या निळ्या शिरा पाहता येतात.